मागे म्हणणाऱ्यांचं मंडळ

अगं, अभिनंदन वगैरे फोनवर झालंच, आता जरा निवांत बोलते. मंडळ तुझ्याकडे आलं ते तुझा गळा गोड आहे म्हणून. आधी मंडळ चालवणाऱ्या काकूंनी वयोमानाने टाळ खाली ठेवले आणि सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळल्या; तू गाणं शिकलेली, परीक्षा दिलेली. पण एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. भजनी मंडळ पुढे गाणारीच्या गळ्यावर चालत नाही, ते मागे म्हणणाऱ्या बायकांवर चालतं. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकून, पाय लांब करून मागे बसलेली बाई असते ना, ती म्हणतेय की नुसती ओठ हलवतेय, हे तुला ओळ गाता गाता कळलं पाहिजे. तुझं काम तिथे आहे. मी सांगणार आहे ते सगळं त्या बाईपाशीच येऊन थांबणार आहे.

आधी पट्टीचं बोलू, कारण बहुतेक मंडळांचं दुखणं तिथूनच सुरू होतं. तू क्लासला काळी पाच धरायचीस. मंडळात ती धरलीस तर ध्रुपदाला सगळ्या येतील, आणि चरण वर गेला की एकेक आवाज गळायला लागेल. शेवटी वरच्या सुरावर तू एकटी उरशील. लोक वाहवा करतील, पण ते भजन तुझं झालं, मंडळाचं नाही. पाळी गेल्यावर बाईचा आवाज उतरतो, जरा जाड होतो, आणि वरचे सूर आधी निसटतात. तुझ्याकडे साठीच्या पुढच्या बायका जास्त आहेत. त्यांना पांढरी पाच सोसेल, काहींना काळी तीनच बरी वाटेल. पट्टी ठरवताना अभंगाची सुरुवात बघू नकोस, त्यातला सगळ्यात वरचा सूर बघ. तो सूर मागच्या बायकांना न ओरडता लागला पाहिजे. मान ताणली जातेय, भुवया वर जातायत असं दिसलं की पट्टी चुकली, एवढी साधी खूण आहे.

आता दर अभंगाला पट्टी बदलता येत नाही हेही खरं. तबला, पखवाज एका सुराला लावलेला असतो, मध्येच हातोडी घेऊन बसलं तर बैठक मोडते. म्हणून एकदा पट्टी ठरव आणि तिच्यात बसतील अशाच चाली निवड. एखादी चाल फारच खालीखाली फिरत असेल तर मध्यमाला सा मानून गा. भैरवी, धून अशी गातातच की. तबला तसाच चालतो आणि आवाज मोकळा होतो. आणि कॅसेटवरची, सीडीवरची चाल त्याच पट्टीत म्हणायचा हट्ट कुणालाही करू देऊ नकोस. श्रीनिवास खळ्यांनी बांधलेले ‘अभंग तुकयाचे’मधले अभंग लताबाईंच्या आवाजात आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेत. कानात बसलेत म्हणूनच बायका डोळे मिटून तिथूनच सुरू करतात, आणि पुढच्या ओळीला दम संपतो. त्या चाली एका असामान्य गळ्यासाठी बांधलेल्या आहेत. त्यांच्यावर प्रेम करावं, त्या ऐकाव्यात. मंडळाला मात्र अशा चाली दे, ज्यांत ध्रुपद चार-पाच सुरांत फिरतं आणि परत परत येतं. आपल्या जुन्या वारकरी चाली तशाच आहेत. दिंडीत, चालता चालता, शेकडो माणसांनी म्हणायच्या म्हणून त्या घडल्या. त्यांना सोप्या म्हणून कमी लेखू नकोस.

शिकवायचं कसं हे तू विचारलंस. अभंगाची एक मोठी सोय आहे, ती वापर. मोठ्या अभंगाच्या ओळीत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार तुकडे असतात, आणि छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन. त्यामुळे मोठ्या अभंगाची एक चाल पक्की झाली की त्याच मापाचे तुकोबांचे, नामदेवांचे, जनाबाईंचे कितीतरी अभंग तीत बसतात. नवीन बाईला दर आठवड्याला नवीन अभंग आणि नवीन चाल असं दोन्ही दिलंस की ती बावचळते. आधी थोड्या चाली रुजव. मग शब्द बदलत जा. त्यांना आपणहून उमगेल, ‘अगो, हा पण त्याच चालीत जातो की!’ आणि त्या दिवशी घरी जाऊन त्या गाथा उघडतील. हे मी होताना पाहिलंय आणि मला त्याहून मोठं यश माहीत नाही.

शब्द आधी, टाळ नंतर. शिकताना सगळ्यांनी टाळ घेतले तर बंद खोलीत कुणाला काही ऐकू येत नाही. आपलाच आवाज ऐकू येईनासा झाला की माणूस आपोआप ओरडतो, आणि ओरडला की सूर सुटतो. म्हणून पहिल्यांदा ओळ नुसती बोलून घे. अर्थ सांग, पण प्रवचन करू नकोस, दोन वाक्यं पुरतात. मग पेटीवर ओळ वाजवून म्हणून घे. मग पेटी बंद करून म्हणायला लाव. ही पायरी सगळे गाळतात. पेटी चालू असली की बायका तिच्यावर रेलतात, बंद झाली की एकमेकींचा आवाज ऐकायला लागतात. तंबोऱ्याचं ॲप फोनवर लावून ठेव, तेवढा आधार बास. आणि वह्या मोठ्या अक्षरांत असू देत. झेरॉक्सवाल्याकडे मोठा टाइप करून घे. चष्मा विसरलेली बाई गप्प बसते आणि तिला शब्द येत नाहीत असं आपण समजतो.

लय मात्र तुला कडक राहून सांभाळावी लागेल. भजनी ठेका आठ मात्रांचा, दिसायला साधा, पण टाळ हातात आले की लय पळते. पुढच्या दोघी उत्साही असतात, त्या टाळ अर्ध्या मात्रेने पुढे टाकतात, मागच्या त्यांना गाठायला धावतात, आणि दुसऱ्या चरणापर्यंत पखवाजवाल्याच्या कपाळाला घाम. मुख्य टाळ एकीच्याच हातात दे. जिचा हात शांत आहे तिच्या, जिचा टाळ मोठा वाजतो तिच्या नव्हे. बाकीच्यांनी तिच्या हाताकडे बघायचं. दुगुन फक्त गजराला, आणि तीही तू खूण केल्यावर. पखवाजाला मान दे, त्याच्या डाव्या पुडीला कणीक लावायची असते, सूर मिळवायचा असतो, त्याला सुरुवातीला पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात बायकांच्या गप्पा चालू ठेवू नकोस, त्याला ऐकू येऊ दे. तुझ्या भागात कुणी तरुण मुलगी पखवाज शिकत असेल तर तिला आणून बसव. हल्ली आळंदीच्या वाटेवर मुली पखवाज वाजवताना दिसतात आणि माझं मन भरून येतं.

आता तू ज्याला घाबरतेस ते. ‘ताई, एक काकू इतक्या बेसूर गातात की बाकीच्या वळून बघतात, त्यांना काय सांगू?’ काही सांगू नकोस. आणि वळून बघणाऱ्यांना मात्र एकेकटीला बाजूला घेऊन नीट सांग, की हे परत व्हायचं नाही. बेसूर गाणाऱ्या बहुतेक बायकांचा कान चांगला असतो. त्यांना कधी कुणी सूर जुळल्याची खूणच पटवून दिलेली नसते. लहानपणी शाळेत ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणून सांगितलेलं असतं, तेव्हापासून त्यांनी स्वतःचा आवाज ऐकणं सोडलेलं असतं. तर असं कर. सराव सुरू होण्याआधी त्यांना एकटीला बोलव. त्यांना ‘सा’ लावायला सांगू नकोस. त्या जो काही सूर लावतील तो तू पेटीवर शोध. म्हणजे आधी पेटी त्यांना जुळेल. जुळल्याबरोबर कानाला एक वेगळं भरीव वाटतं, ते त्यांना जाणवलं की चेहरा बदलतो. मग पेटी एक पट्टी वर ने, त्यांना सोबत यायला सांग. पुन्हा एक. तोंड मिटून गुणगुणत केलं तर आणखी लवकर जमतं. महिन्याभरात त्यांचा आवाज दोन-तीन सुरांवर तरी ठाम होतो, आणि आपली ध्रुपदं तेवढ्या सुरांत सुरू होतात. बसायला त्यांना दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये बसव, म्हणजे दोन्ही कानांनी सूर येईल. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना पेटीच्या अगदी जवळ बसव. पक्के आवाज मागच्या ओळीत ठेव. ते पुढे बसले की सूर प्रेक्षकांकडे जातो, मागे बसले की कच्च्या बायकांच्या कानात पडतो. जागा बदलताना कुरकुर होईल, होऊ दे.

कुणालाही ‘तुम्ही जरा हळू म्हणा’ असं चारचौघींत म्हणू नकोस. एवढ्याशा वाक्याने बाई यायची बंद होते आणि कारण सांगते गुडघ्यांचं.

एकल ओळी कुणाला द्यायच्या यावरून रुसवेफुगवे होणारच. त्यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे, चक्री भजन. पाळीपाळीने प्रत्येकीने एक अभंग धरायचा, बाकीच्यांनी मागे म्हणायचं. महिन्यातली एक बैठक अशी ठेव. त्या दिवशी तू पेटी धर आणि तोंड बंद ठेव. जिला एकच अभंग येतो तिने तोच दर महिन्याला म्हटला तरी चालेल. कार्यक्रमात मात्र निवड तू करायची, आणि का केली ते सांगायची तयारी ठेवायची. ‘या चालीला वरचा पंचम लागतो, तो तिला लागतो’ असं कारण दिलं तर बायका ऐकून घेतात. न बोलता केलं तर त्या जात, नातं, फ्लॅटचा मजला, सगळं त्यात शोधतात.

आता जरा गंभीर बोलते, आणि हे तुला पटलं नाही तर माझ्याशी भांड, पण ऐक. नवरात्रात, चैत्रगौरीला, संक्रांतीला भजनानंतर हळदीकुंकू असतं. ताट फिरतं, आणि काही बायका त्याआधीच ‘येते हं, दूध तापायचंय’ म्हणून उठतात. त्या कोण असतात हे सगळ्यांना माहीत असतं. ज्यांनी दोन तास आपल्याबरोबर टाळ वाजवला त्यांना आपण ताटाजवळून उठवतो. तुझ्या मंडळात हे बंद कर. 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याला जमलं ते आपल्या कॉलनीला जमू नये? भाषण करू नकोस, त्याने बायका बिथरतात. ताट तू स्वतःच्या हातात घे आणि बसल्या ओळीने लाव, सगळ्यांना, विचारून. कुणी नको म्हणाली तर तिला फूल दे. तू मध्ये कुणाला वगळलं नाहीस एवढंच दिसलं पाहिजे. पहिल्या वर्षी एक-दोघी नाराज होतील. त्यांच्याशी घरी जाऊन बोल.

आणि तसंच दुसरं. बैठक ज्यांच्या घरी असते त्यांच्याकडे कामाला येणारी बाई आत भांडी घासत असते. बाहेर आपण जनाबाईंचे अभंग म्हणत असतो. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या, दळण-कांडण करता करता त्यांनी विठ्ठलाला हाक मारली. सोयराबाई चोखोबांच्या घरच्या, त्यांना देवळाच्या आतही जाता आलं नाही. त्यांचे शब्द गात आपण आतल्या बाईला चहा टाकायला सांगतो हे मला सहन होत नाही. तिला बोलव, सतरंजीवर बसव, वही दे. वाचता येत नसेल तर ऐकून ऐकून तिचं पाठ होईल, आणि तिला कदाचित तुझ्यापेक्षा जास्त ओव्या येत असतील. जात्यावरच्या ओव्या आजीकडून ऐकलेल्या बायका आता थोड्या राहिल्यात. तिच्याकडून एखादी ओवी मंडळाने शिकली तर तीच मंडळाची खरी कमाई.

पैशाचं थोडक्यात. वर्गणी कमी ठेव आणि सगळ्यांना सारखी ठेव, जिला जमत नाही तिची कुणालाही न कळू देता सोड. वास्तुशांतीला, डोहाळजेवणाला लोक पाकीट देतात, ते तिथल्या तिथे सगळ्यांसमोर उघडून वहीत लिही. पखवाजवाल्याचं मानधन आधी, सारख्या साड्या नंतर. हिशेब दुसरीच्या हातात दे, तुझ्याकडे नको.

स्पर्धांना जावं का? जावं, पण वर्षातून एखादीलाच. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांत महिलांचा वेगळा गट असतो, तिथे गिरणीतल्या, कारखान्यातल्या कामगारांच्या घरांतल्या बायका काय तयारीने येतात ते बघण्यासारखं आहे. गोव्यात कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने भजन स्पर्धा घेते, तिथेही महिलांची पथकं असतात. गोव्याच्या भजनातला राग-तालाचा अभ्यास ऐकून आपल्या बायकांचे कान उघडतील. स्पर्धेने सराव वाढतो, वेळेवर येणं वाढतं. पण तिथे संख्येची मर्यादा असते, आणि तिथेच सगळी गफलत होते. निवडलेल्या आणि राहिलेल्या अशा दोन जाती मंडळात तयार होतात. तुला नंबर आणायचाच असेल तर आण, फक्त त्या दोन महिन्यांत आठवड्याची बैठक सगळ्यांसाठी चालूच ठेव. मी तर म्हणेन, जिथे सगळ्यांना बसता येतं अशा जागी जास्त गा. वृद्धाश्रमात, कारागृहात परवानगी मिळाली तर तिथे, आणि कुणाकडे गेलेल्या माणसाच्या तेराव्याला. दुःखाच्या घरी गाताना टाळ हळू, निर्गुणी अभंग, गजर नाही. तिथे आवाज कसा आहे हे कुणी बघत नाही. घरातली माणसं ध्रुपद आपल्याबरोबर म्हणायला लागतात, आणि ते ओळखून तू लय आणखी थोडी सावकाश करायची.

विदर्भात मावशीकडे गेलो होतो ते आठवतं का तुला? गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची, मुलं, बाया, म्हातारे सगळे रांगेत बसून. ती रीत तुकडोजी महाराजांनी घालून दिली. हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेला हा माणूस. अमरावती जिल्ह्यात मोझरीला त्यांनी गुरुकुंज उभारलं आणि ग्रामगीतेत सामुदायिक प्रार्थनेला एक अख्खा अध्याय दिला. त्यांना उत्तम गाणारे चारजण नको होते, सगळं गाव एका वेळी एका सुरात बसायला हवं होतं. मला मंडळ चालवताना त्यांचा मोठा आधार वाटतो. सराव कंटाळवाणा झाला, चौघीच आल्या, की मी त्या रांगा आठवते.

बैठकीचा शेवट पसायदानाने करा. नऊ ओव्या आहेत, सगळ्यांना शाळेपासून पाठ आहेत, त्यामुळे जी बाकी काहीच म्हणत नाही तीही इथे म्हणते. फक्त चाल एकच ठरवून घ्या, कारण निम्म्यांना शाळेतली येते आणि निम्म्यांना रेडिओवरची, आणि दुसऱ्या ओवीपासून दोन पसायदानं सुरू होतात. शाळेतलीच धर, ती सगळ्यांच्या गळ्यात बसते. पेटी बंद ठेवून म्हणा. भिंतीजवळच्या त्या बाईचा आवाज तुला तेव्हा ऐकू येईल.

स्वतःच्या गळ्याची काळजी घे. दोन तास मोठ्याने शिकवून घसा बसतो, कोमट पाणी जवळ ठेव, सर्दीत गाऊ नकोस, तेव्हा दुसरीला पुढे बसव. दुसरी तयार करायचीच आहे, आजपासून. कुणाचा कान चांगला आहे आणि कुणाला माणसं सांभाळता येतात हे बघत राहा. गळा तिसऱ्या नंबरला. काकूंनी तुला निवडलं तेव्हा त्यांनी फक्त गळा पाहिला असं मला वाटत नाही, त्यांनी तुला त्यांच्या आजारपणात डबा नेतानाही पाहिलं होतं.

आणि हो, पेटीचा भाता फुसफुसतोय म्हणालीस, ती याच आठवड्यात दुरुस्तीला टाक. आषाढी जवळ आली की कारागिरांना उसंत नसते आणि पेटी दिवाळीपर्यंत परत येत नाही.